१९७४ : बुरसलेला मका आणि आरएनएवरील खूण

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, शेंगदाण्याचे पोते उघडले की जाणकार मनुष्य मूठभर दाणे तळहातावर घेतो, रंग न्याहाळतो, एखादा चावून पाहतो. ही पारख जुनी आहे आणि पुष्कळदा अचूकही. परंतु ओल धरलेल्या दाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष तिच्या हाती लागत नाही. त्या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. यकृताच्या कर्करोगाचे ते एक सिद्ध कारण आहे.

जगाला त्याचा सुगावा लागला १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी येऊन थांबला.

भारतात त्याची किंमत माणसांनी मोजली. १९७४ च्या अखेरीस पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला व तसाच साठवला गेला. तेथील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न तेच. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही वाचली नाहीत. १९७४ म्हटले की पोखरण आणि रेल्वे संप आठवतो. हे १०६ जण सहसा कोणाला आठवत नाहीत.

हा झाला विषाचा तडाखा. थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर ते निराळे वागते. यकृतात त्याचे रूपांतर होऊन ते डीएनएला चिकटते. पी-५३ या रक्षक जनुकातील २४९ व्या स्थानी त्याचा ठरावीक घाव १९९१ मध्ये चीन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांत आढळला. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

योगायोग असा, की त्याच १९७४ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये फ्रिट्झ रॉटमन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या यकृत-कर्करोगाच्या पेशी तपासल्या जात होत्या. त्यांच्या संदेशवाहक आरएनएवर मिथाइल गटाच्या बारीक खुणा सापडल्या. मूळ मजकूर तोच राहतो. तो किती काळ टिकावा, किती वाचला जावा, हे या खुणा ठरवतात. खूण उमटवणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, जनुक १९९७ मध्ये हाती आले : मेटल-३.

२०१८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवले, की मानवी यकृताच्या कर्करोगात मेटल-३ वाढलेले असते आणि ते पेशीवाढीला आवर घालणाऱ्या सॉक्स-२ चा संदेश लवकर नष्ट करवते. गंमत अशी, की त्याचाच जोडीदार मेटल-१४ याच रोगात घटलेला असल्याचे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले होते. एकाच जोडीतील दोघे उलट दिशेने का जातात, यावर वाद अजून चालू आहे.