तळटीप : जेट कसा ठरतो

* लेखक ‘दोन जेट दिसले’ असे सहज लिहून जातात. खरे तर जेट दिसत नाही, तो ठरवावा लागतो. टकरीतून सुटलेला क्वार्क किंवा ग्लुऑन सुटा राहू शकत नाही. त्याच्यापासून साधारण एकाच दिशेला कणांचा झोत निघतो, आणि डिटेक्टरपर्यंत पोहोचतात ते हे कण. त्यांतले कोणते एका झोतातले, याला नियम हवा. १९७७ मध्ये स्टर्मन आणि वाइनबर्ग यांनी शंकूच्या आधारे व्याख्या दिली. पुढे फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनवर वापरलेल्या अनेक शंकू-पद्धतींत मात्र मोठी खोट होती : एखादा अगदी क्षीण कण मध्ये आला तरी जेटची संख्या बदलायची, मग सिद्धान्ताशी ताळा कसा जमणार? २००८ मध्ये काच्चारी, सालाम आणि सोयेझ यांनी मांडलेली ‘अँटी-केटी’ पद्धत जोरकस कणांपासून सुरुवात करून भोवतालचे क्षीण कण त्यांना जोडत जाते. सर्नच्या अ‍ॅटलस व सीएमएस प्रयोगांत तीच रुळली. जेटची नेहमीची त्रिज्या ०.४ (ही लांबी नव्हे, कोनीय माप). जड कण फार वेगात असला की त्याच्या विघटनातले क्वार्क एकाच जाड जेटमध्ये मिसळतात, तेव्हा ०.८ किंवा १.० त्रिज्या घेऊन आतली रचना तपासतात. त्रिज्या लहान घेतली तर ऊर्जा बाहेर राहते. मोठी घेतली तर शेजारच्या टकरींचा कचरा आत शिरतो आणि आलेखातले नव्या कणाचे अपेक्षित शिखर पसरट होते. पुढील आलेख वाचताना वाचकांनी आधी त्रिज्या पाहावी. — संपादक