बुद्रुक, खुर्द आणि अल्पसंख्याक

बारामती तालुक्यात एक कोऱ्हाळे बुद्रुक आहे आणि एक कोऱ्हाळे खुर्द. कागदोपत्री नुसते ‘बु॥’ आणि ‘खु॥’. बुद्रुक हे फारसी ‘बुजुर्ग’चे रूप, म्हणजे थोर, वडील. खुर्द म्हणजे धाकटे. खुर्दची वस्ती उद्या बुद्रुकच्या पुढे गेली तरी खुर्द ते खुर्दच, कारण हे थोरपण डोकी मोजून ठरलेले नसते. गावच्या भाषेत लहानमोठेपणा असा मानाचा. ‘अल्पसंख्याक’ हा शब्द मात्र मोजणीतून आला. आज त्यावरून जो वाद होतो, त्याचे मूळ ही दोन मापे एकाच शब्दात कोंबण्यात आहे, असे मला वाटते.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यातल्या बलुतेदारांत मुलाणाही आहे. गावात त्याचे एखादेच घर असे, पण बकरे हलाल करण्याचे काम त्याचे आणि सुगीला खळ्यावरचा वाटाही त्याचा. त्याचे घर एक की दहा, याने वाट्याचा हक्क ठरत नसे. तो ठरे वतनाने. बलुत्याच्या ओळीसुद्धा थोरली, मधली, धाकटी अशा. पेशवाईत खानेसुमारी होत असे, पण ती नावाप्रमाणे घरांची. १८७२ च्या शिरगणतीने माणूस धर्माच्या रकान्यात बसवला, आणि १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिल्यावर त्या रकान्यातल्या आकड्याला राजकीय किंमत आली.

म्हणजे जुने गावच बरे होते, असे कोणी म्हणेल तर ते मुळीच मान्य करता येणार नाही. ज्या व्यवस्थेने मुलाण्याला वाटा दिला, तिनेच महारवाडा गावकुसाबाहेर ठेवला. महारही बलुतेदारच, वर थोरल्या ओळीतला, आणि कित्येक गावांत त्याची घरे काही कमी नव्हती. दुबळेपण संख्येत नव्हतेच. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात नेमके हेच मांडले: एखादा समाज अल्पसंख्याक आहे की नाही, याची खरी कसोटी सामाजिक भेदभाव ही आहे. राज्यघटनेने ही कसोटी शब्दाच्या व्याख्येत घेतली नाही. घटनेत व्याख्याच नाही. कलम ३० ने धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, आणि अनुसूचित जातींची तरतूद वेगळी केली.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो सधन समाजांचा. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते ज्यांच्या नावाने वसले ते वालचंद हिराचंद जैन होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैन सव्वा टक्का भरले आणि २०१४ साली केंद्राने त्यांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. कारखानदाराला कसले संरक्षण, हा प्रश्न रास्त वाटतो, पण तो मानाचे माप लावून विचारलेला आहे. कलम ३० गरिबी पाहतच नाही. आणि संख्याही कुठे उभे राहून मोजायची, हे आधी ठरवावे लागते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी या कलमापुरते राज्य हे एकक धरले. म्हणून कोऱ्हाळ्यात बहुसंख्य असलेली मराठी बेळगावात अल्पसंख्य ठरते. २०११ च्याच जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते, पण राज्यात ते सहा टक्क्यांच्या आतच.

मराठीने या बाबतीत इंग्रजीपेक्षा अधिक विवेक दाखवला आहे. तिकडच्या एका ‘मायनॉरिटी’साठी इकडे तीन शब्द. सरकार अल्पमतात जाते. समाज अल्पसंख्य असतो. (‘अल्पसंख्यांक’ असा अनुस्वार देतात तो उगाच, इथे अंकाचा संबंध नाही, ज्याची संख्या अल्प तो, एवढाच समास आहे.) आणि अठरा वर्षांखालचे मूल कायद्याच्या मराठीत अज्ञान. बाप वारला की सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लागते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान झाले की वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा. फेरफार मंजूर होतो आणि तो शेरा कमी होतो. अल्पमतातले सरकारही पुढच्या निवडणुकीत बहुमतात येऊ शकते. अल्पसंख्येला असा मुदतीचा शेवट नसतो, म्हणून तिच्या हक्काची नोंद घटनेत करावी लागली.