मल्हाररावांचा खटला

बीड जिल्ह्यांतील मांजरसुंब्याहून पाटोद्यावरून पश्चिमेस जाणारा रस्ता जामखेडास पोंचतो. 1948 पर्यंत मांजरसुंबा निजामाच्या राज्यांत होता व जामखेड 1947 पर्यंत इंग्रजी मुलुखांत. तेवढ्या वाटेंत राजा बदले आणि कायदाहि बदले. परंतु जेथें राजाच आरोपी, तेथें न्याय कोणीं करावा? हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयामुळें आज जो वाद माजला आहे, तो सव्वाशेंहून अधिक वर्षें अगोदर बडोद्यास प्रत्यक्ष घडून गेला होता.

9 नोव्हेंबर 1874 रोजीं रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतांत विष आढळलें. त्यांत सोमल व हिऱ्याची पूड असल्याचें ठरलें. जानेवारींत मल्हारराव गायकवाडांस अटक झाली आणि सहा जणांचें कमिशन बसलें. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच, मीड व मेलव्हिल हे तिघे इंग्रज. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग व सर दिनकरराव राजवाडे हे तिघे एतद्देशीय. बचावासाठीं विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन आले. अखेर तिघां इंग्रजांनीं महाराजांस दोषी ठरविलें व तिघां एतद्देशीयांनीं आरोप शाबीत मानला नाहीं! तेव्हां सरकारनें तो निकाल बाजूस ठेवून, दुर्वर्तन व राज्यकारभाराची नालायकी या कारणांवर एप्रिल 1875 मध्यें त्यांस पदच्युत केलें.

मल्हारराव चांगले राजे होते असें आम्ही म्हणत नाहीं. 1873 त याच मीडसाहेबांच्या कमिशनपुढें रयतेनें आपलीं गाऱ्हाणीं मांडलीं होतीं. पण 1875 च्या आरोपपत्रांत त्या रयतेचा एक शब्दहि नव्हता. तेथें होते ते केवळ रेसिडेंटाविरुद्धचे अपराध. शिवाय रेसिडेंटाचें वर्तन तपासणारें तसलेंच न्यायासन कोठें होतें? आमचा आक्षेप राजाला जाब विचारण्यास नाहीं, तो या एकतर्फी उंचीस आहे.

1948 त टोकियोच्या न्यायाधिकरणांत न्यायमूर्ति राधाबिनोद पाल यांनीं सर्व आरोपींस निर्दोष ठरविलें, त्यामागें जेत्यांच्या न्यायाविषयींची अशीच शंका होती. 1998 च्या रोम कराराचें 27 वें कलम राष्ट्रप्रमुखासहि संरक्षण देत नाहीं. मात्र खटले त्या न्यायालयाकडे सोंपविण्याचा अधिकार ज्या सुरक्षा समितीस आहे, तींतील अमेरिका, रशिया व चीन स्वतः त्याचे सभासद नाहींत. भारतानेंहि त्यावर सही केलेली नाहीं.

मल्हाररावांस मद्रासेस धाडण्यात आलें. 1882 त ते वारले. विषप्रयोगाचा आरोप त्यांच्यावर कधींच शाबीत झाला नाहीं.