जित्याची खोड

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकू येते. आपण ती माणसांना उद्देशून वापरतो. परंतु खोड हा शब्द जनावरांच्या बाजारातही तितकाच रुळलेला आहे. लाथ झाडणारा, चावणारा, ऐन वेळी अडून बसणारा, वाजंत्री कानी पडताच बुजणारा घोडा हा खोडीचा घोडा. दिसेल त्याच्या अंगावर धावणारे कुत्रेही खोडीचेच. अशा जनावराला वठणीवर आणायचे तर चाबूक वा काठी हवीच, असा सर्वसाधारण समज. पण ही खोड त्याच्या जन्माबरोबर येते, की माणसाच्या हातून त्याला लागते? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा शोध घेणारी माणसे देशोदेशी होऊन गेली आहेत.

आम्हां खानदेशवासीयांना तर हा प्रश्न परका नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ते त्या जिल्ह्यात गेले. मारवाडी, काठेवाडी अशा नामांकित जातींचे घोडे येथे परप्रांतांतून येतात. जाणकार गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, उंची मोजते, चाल पाहते, आणि अंगावरचे केसांचे भोवरेही पारखते. गळ्याखालचा 'देवमण' शुभ, तर डोळ्याखालचा 'आसूढाळ' अशुभ. म्हणजे जनावराचे गुणदोष त्याच्या कातडीवरच लिहून आलेले आहेत, असा हा समज.

आपली जुनी अश्वविद्याही हे भोवरे मोजते; परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. ही विद्या शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते. घोड्यांच्या वैद्याला पूर्वी 'सालोत्री' म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात घोडे फिरवण्याच्या विद्येला एक प्रकरण आहे आणि शिकारी कुत्र्यांनाही एक आहे. 'शुक्रनीती'त तर घोड्याला कोणत्या चुकीसाठी कोठे मारावे हे सांगतानाच एक इशारा दिला आहे. भलत्या जागी चाबूक बसला, तर घोड्याच्या अंगी अनेक दोष जडतात. चाबकाला येथे पूर्ण नकार नाही, हे खरे. पण जनावराची खोड पुष्कळदा मारणाऱ्याच्या हातून जडते, हे सत्य आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. घोडेस्वारीवरील त्याचा ग्रंथ आजही वाचला जातो. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नये, हा त्याचा पहिला धडा. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला फटके मारू नयेत. स्वाराने स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे. कारण फटका बसला की भीतीत वेदनेची भर पडते, आणि ही वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे घोडा धरून चालतो. चोवीसशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या प्राणिशास्त्रालाही मान्य आहे.

पुढे १८५८ साली जॉन रेरी नावाच्या तरुण अमेरिकनाने लंडन शहर गाजवले. क्रूझर नावाचा एक घोडा इतका हिंस्र झाला होता की त्याच्या तोंडाला लोखंडी मुसके घालून ठेवावे लागे. रेरीने काही तासांतच त्याला हाताखाली आणले. हा प्रयोगकर्ता खुद्द व्हिक्टोरिया राणीसमोरही आपली कला दाखवून आला. पुढचा एक पाय पट्ट्याने बांधून घोड्याची धडपड थांबवायची, आणि मग सर्वांगावरून हात फिरवत त्याला विश्वास द्यायचा, अशी त्याची रीत. पाय बांधणे हीदेखील सक्तीच, असे आज आपण म्हणू. परंतु चाबकाने रक्त काढण्याच्या त्या काळात हे पाऊल लहान नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही त्या सुमारास एक मोठा अश्वशिक्षक उदयास आला. त्याचे नाव विष्णुपंत छत्रे. गाणे शिकण्यासाठी ते ग्वाल्हेरला गेले. तेथे हद्दूखाँसाहेबांकडे गायनाची तालीम घेतली आणि घोडे फिरवण्याची विद्याही मिळवली. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी सर्कस उभारली. भारतीयाने काढलेली ही पहिली सर्कस समजली जाते. भर गर्दीत, वाद्यांच्या गजरात, दिव्यांच्या झगमगाटात मोकळा घोडा केवळ इशाऱ्यावर फिरवायचा, म्हणजे त्या दोघांत काही बोली ठरलेली असावी लागते. सर्कशींचा इतिहास निव्वळ मायेचा नाही, त्यात चाबूकही आहे, हे आम्ही विसरत नाही. तरीही छत्र्यांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे थोर गवई व्यसनाने आणि मनाच्या आजाराने भरकटले होते. विष्णुपंतांनी त्यांना जवळ घेतले, सांभाळले आणि पुन्हा मैफलीत बसवले. धीराने वागण्याचे मोल या माणसाला ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र गाडे पुन्हा सक्तीकडे वळले. कॉनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्याच्या पद्धतीत शिक्षेला मोठे स्थान होते आणि तिचा प्रभाव कित्येक वर्षे टिकला. बदल आला तो अनपेक्षित दिशेने, समुद्रातून. कॅरन प्रायर या बाई हवाई बेटांवर १९६० च्या दशकात डॉल्फिन शिकवत असत. डॉल्फिनला ना लगाम घालता येतो ना गळपट्टा. रागावले तर तो सरळ दूर पोहून जातो. तेव्हा हवे ते काम होताच त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि मासा द्यायचा, एवढेच हाती उरते. हीच रीत पुढे कुत्र्यांना आणि घोड्यांना लागू झाली.

आता ही रीत आपल्या गावच्या वरातीच्या घोड्याला कशी लागू पडेल ते पाहू. घोडा बँडला बुजतो. पहिले काम म्हणजे पशुवैद्याला दाखवणे. दात टोचत असतील, पाठीवर खोगिराचा घाव असेल, खूर दुखत असतील, तर ती खोड नव्हे, ते दुखणे आहे. मग बँडचा आवाज अगदी क्षीण ऐकू येईल इतक्या अंतरावर घोड्याला उभे करावे आणि तोबरा द्यावा. तो शांतपणे खाऊ लागला म्हणजे दुसऱ्या दिवशी थोडे पुढे जावे. त्याने कान टवकारले, अंग ताठ केले, की मागे यावे. लगामाची ओढ द्यावी लागली, तर त्याने ऐकताच त्याच क्षणी ती सैल सोडावी. तो सैलपणा हेच त्याचे बक्षीस. यास कित्येक आठवडे लागतात. काटेरी लगामाने हे काम एका दिवसात झाल्यासारखे दिसते; पण तेथे भीती जात नाही, फक्त दाबली जाते. अशा काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, हेही घोडेवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

कुत्र्याचेही तसेच. गुरगुरतो म्हणून त्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढे न गुरगुरताच चावतो. गुरगुरणे हा इशारा आहे. तो ऐकून मागे सरावे आणि कारण शोधावे. मात्र एक सावधगिरी हवीच. कुत्र्याचा स्वभाव एकाएकी पालटला तर त्याच्याजवळ न जाता पशुवैद्यास कळवावे, आणि चावा बसलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखाना गाठावा.

काही वर्षांपूर्वी आमच्या आवारात एक भटके कुत्रे येऊन राहिले. हात वर केलेला माणूस दिसला की ते अंगावर धावून येई. त्याला हाकलून द्यावे असे आमचे मत. पण स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "फादर, तो द्वाड नाही. तो भितो." त्या रोज पायरीवर बसून त्याच्याकडे न पाहता भाकरीचा तुकडा टाकीत. पुढे पुढे ते कुत्रे त्यांच्या पायाशी येऊन झोपू लागले.

त्याच दिवसांत वर्गात फळा पुसण्यासाठी आम्ही हात वर केला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने झटकन आपले डोके दोन्ही हातांनी झाकले. आमच्या हाती त्या काळी छडी असे. ती त्या दिवशीच सुटली असे सांगता आले असते तर बरे झाले असते. पण ती सुटायला वेळ लागला. वर्गात मुलाला मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध ठरवले आहे. आम्हांला ते शिकवले त्या मुलाच्या हातांनी.

गणनेच्या पुस्तकातील बलामाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. वाटेत त्याची गाढवी तीनदा अडली आणि त्याने तिला तीनदा झोडपले. समोर उभा असलेला देवदूत तिला दिसत होता. बलामाला दिसत नव्हता. अडलेल्या जनावरासमोर, तसेच अडलेल्या लेकरासमोर, हात उगारण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे, की याला काय दिसते आहे?