मूळपुरुषाचा शोध : पोंभुर्णा येथील एका घरगुती दंतकथेची परीक्षा

(१) जुन्या चांदा प्रांतांतील, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, घराण्यांत मूळपुरुषाची कथा बहुधा एकाच सांच्याची आढळते. तो परमुलखांतून आला, त्यानें अरण्य तोडलें, तळें बांधलें, व गोंड राजानें प्रसन्न होऊन त्यास गांव दिलें. पोंभुर्णा येथील आमच्या घराण्यांतहि हीच कथा आहे. राजाचें नांव तेवढें खांडक्या बल्लाळशाह. लहानपणीं मीं ती आजोबांच्या तोंडून ऐकली व पुढें शिक्षकी पेशांत विद्यार्थ्यांना इतिहास म्हणून सांगितली. सेवानिवृत्तीनंतर ती कागदांशीं ताडून पाहतां जें निष्पन्न झालें, तें येथें संशोधकांपुढें ठेवीत आहें.

(२) ही कथा सर्वस्वीं निराधार नाहीं. जो जंगल तोडील त्यास जमिनीची सनद व जो तलाव बांधील त्यास त्याखालीं भिजणारी जमीन, असा हीरशाह राजाचा हुकूम या प्रांताच्या परंपरेंत प्रसिद्ध आहे. अशा देणगीस 'तुकूम' म्हणत. पोंभुर्णा तालुक्यांत सातारा नांवाचीं तीन गांवें आहेत : सातारा तुकूम, सातारा भोसले व सातारा कोमटी. पहिलें नांव गोंडशाहींतील देणगीकडे, दुसरें मराठी अमलाकडे व तिसरें तेलंगी व्यापाऱ्यांकडे बोट दाखवितें. येथील कित्येक आडनांवांच्या शेवटीं येणारा 'वार' हा तेलुगु भाषेंतील आदरार्थी 'वारु' होय. हीं घराणीं गोदावरी-प्राणहितेपलीकडून आलीं असावीं. उलट ब्रह्मपुरीकडील तलाव बांधणारे कोहळी आपले पूर्वज काशीहून आल्याचें सांगतात. तात्पर्य, बाहेरून येऊन वसाहत करणाऱ्यांची स्मृति खरी आहे. मात्र नांव हा दुवा होय, पुरावा नव्हे.

(३) दंतकथेची खरी परीक्षा कालगणनेंत होते. मेजर लूसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालांत स्थानिक परंपरेवरून चांद्याच्या गोंड राजांची यादी दिली आहे. तींत भीम बल्लाळसिंहापासून नीळकंठशाहापर्यंत १९ राजे असून काळ इ. स. ८७० ते १७५१ धरला आहे. म्हणजे दर राजास सरासरी ४६ वर्षें! याच यादींत बाबाजी बल्लाळशाहाची कारकीर्द १५२२ मध्यें संपते. परंतु सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिद्ध झालेल्या आईन-ई-अकबरींत अबुल फजल चांद्याच्या बाबाजीस हयात जमीनदार म्हणून गणतो, व त्याजपाशीं १,००० स्वार व ४०,००० पायदळ असल्याचें लिहितो. तेव्हां यादींतील काळ निदान सत्तर वर्षें मागें ओढलेला आहे हें उघड होतें. खांडक्या बल्लाळशाहास यादींत तेरावें शतक मिळालें आहे. अभ्यासकांचा कल त्यास पंधराव्यांत बसविण्याकडे आहे. राजघराण्याची ही स्थिति, तर आमच्यासारख्यांची काय कथा!

(४) श्राद्धांत उच्चार तीनच पुरुषांचा होतो; त्यापलीकडील नांवें त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींतून मिळालीं. मजपासून मूळपुरुषापर्यंत नऊ पुरुष, म्हणजे मधलीं अंतरें आठ. माझा जन्म १९६० चा. दर पिढीस २८ वर्षें धरल्यास मूळपुरुषाचा जन्म १७३६ च्या सुमारास येतो. ३३ धरलीं तरी तो १६९६ च्या मागें जात नाहीं. खांडक्या बल्लाळशाह त्याच्याहि दोनशें वर्षें पूर्वींचा.

वहींत एखादें नांव गळालें असेल, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर घरच्या दप्तरांतील एका मोडी कागदांत आहे. तो अस्सल नव्हे, नक्कल आहे. सनाचा आकडा कसरीनें खाल्ला आहे. तो शाबूत असता तरी सुहूर कीं फसली हें आधीं ठरवावें लागलें असतें, कारण इसवी सन काढण्यास सुहूरांत ५९९ व दक्षिणी फसलींत ५९० मिळवावे लागतात, व तेथें नऊ वर्षांची चूक सहज होते. सुदैवानें मथळ्यांतील 'सेनासाहेबसुभा' हा किताब स्पष्ट वाचतां येतो. तो नागपूरकर भोसल्यांचा, व चांदा भोसल्यांकडे आलें १७५१ मध्यें. अर्थात् आमच्या मूळपुरुषास गांव मिळालें तें गोंड राजाकडून नव्हे, मराठी अमलांत.

(५) कागदाचा मजकूर याहून बोलका आहे. गांव रीठ पडलें आहे, त्याची लावणी करावी, वसूल चढत्या इस्ताव्यानें द्यावा, आणि शीव तेथील जुन्या गोंडाच्या साक्षीनें कायम करावी, असा त्याचा आशय आहे. रीठ म्हणजे ओसाड पडलेलें गांवठाण. तेव्हां आमच्या पूर्वजापूर्वीं तेथें गांव होतें, शेतें होतीं, आणि शीव जाणणारा मनुष्यहि होता. लढाया, दुष्काळ व अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पेंढाऱ्यांच्या धाडी यांमुळें या प्रांतांत गांवें अनेकदां उठलीं व पुन्हां वसलीं. अशा दुसऱ्या वसाहतीच्या पुढाऱ्यासच पुढील पिढ्यांनीं पहिला मानलें, व त्यास शोभेसा प्राचीन राजा जोडून दिला, असें मला वाटतें. इतर घराण्यांच्या कथाहि या दृष्टीनें तपासून पाहण्याजोग्या आहेत.

त्यासाठीं साधनें आहेत. १८६० नंतरच्या पहिल्या बंदोबस्ताच्या मिसली व वाजिब-उल-अर्ज यांत मालगुजारांचे हक्क कसे आले याची नोंद सांपडते. गोंडांच्या वंशकथा परधान किंगरीवर गातात. त्यांस लेखी वहीइतकाच मान देऊन त्या उतरून घेतल्या पाहिजेत. १९५१ मध्यें मालगुजारी गेल्यापासून घरोघरचे जुने कागद निरुपयोगी समजून रद्दींत जात आहेत. संग्राहकांनीं निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात.

(६) ज्यानें झाडांचे खुंट काढले त्याचें शेत, असें मनूनें नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. हें वचन शिकवितांना मी नेहमीं आमच्या मूळपुरुषाचें उदाहरण देत असें. आतां प्रथम त्या गोंडाचें स्मरण होतें. कागदांत त्याची साक्ष आहे, परंतु नांव नाहीं. घरच्या वंशावळीच्या माथ्यावर 'गांव वसविलें' असें लिहिलेलें होतें. तेथें मीं आपल्या हातानें 'रीठ गांव पुन्हां वसविलें' अशी दुरुस्ती केली आहे.