ट्रायपॉडचं ओझं नक्की कोण उचलतं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ट्रेकला न्यायला हलका पण दणकट ट्रायपॉड कोणता? मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण मी इंजिनिअर माणूस, आधी ही वस्तू अशी का झाली ते बघतो. आणि त्यासाठी 1863 मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर सिमल्याहून हिमालयात निघाला. सोबत 30 हमाल. एका कॅमेऱ्यासाठी 30 माणसं! कारण तेव्हाची पद्धत होती वेट प्लेट, म्हणजे ओली काच. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि सुकायच्या आत डेव्हलप करायचा. म्हणजे काचा, बाटल्या, अंधाराचा तंबू, सगळं डोंगरावर चढवायचं. एक्स्पोजर काही सेकंदांचं, कधी त्याहून जास्त. त्यामुळे कॅमेऱ्याखाली भक्कम लाकडी तिवई हवीच.

1866 मध्ये त्याने मनिरंग खिंडीत, साधारण 18,600 फुटांवर फोटो काढले. आजही ते बघताना तोंडात बोट जातं. पण हमाल पळून जायचे, आणि पळालेल्यांना शोधून काठीने बडवल्याचं बोर्नने आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच लिहून ठेवलंय. फोटोखाली नाव मात्र बोर्नचं. मला वाटतं, तेव्हा 'हलकं' या शब्दाची गरजच नव्हती, कारण वजन दुसऱ्याच्या पाठीवर होतं.

मग 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत ती बाजारात रुळली आणि तंबू, बाटल्या गेल्या. 1925 मध्ये लायका आला, कॅमेरा खिशात मावायला लागला. हमाल गेले, ओझं फोटोग्राफरच्या स्वतःच्या खांद्यावर आलं. आता वजन टोचायला लागलं!

लाकडानंतर ॲल्युमिनियम आलं. आणि 1994 मध्ये जित्झो या फ्रेंच कंपनीने कार्बन फायबरचे पाय असलेला ट्रायपॉड आणला. हलका तर होताच, पण कार्बन फायबर थरथर लवकर जिरवतं, हा त्याचा खरा फायदा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा वारा खाल्लाय ना? मग कळेल मी काय म्हणतोय ते.

आता थोडं गणित, घाबरू नका. नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास 20 मिलीमीटरवरून 30 केला, तर वजन दीडपट होतं, पण वाकण्याला विरोध तिपटीहून जास्त वाढतो. म्हणजे बारीक पायांचा ट्रायपॉड थोडंसं वजन वाचवतो आणि बरीच ताकद घालवतो. 'पाच सेक्शन, बॅगेत मावतो' अशी जाहिरात दिसली, की मी सगळ्यात खालची नळी बघतो. बऱ्याचदा ती करंगळीएवढी असते. खरं तर तिच्यावरच सगळा डोलारा उभा असतो!

म्हणून माझं मत: चारपेक्षा जास्त सेक्शन नको. मधला दांडा वर न काढता कॅमेरा छातीपर्यंत आला तरी पुरे, वाकून बघायला काय होतं? दांडा वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं. बजेट कमी असेल तर स्वस्त कार्बनपेक्षा जाड पायांचं ॲल्युमिनियम घ्या. दुकानात पाय पूर्ण उघडून वरून हलकेच टिचकी मारा आणि थरथर किती वेळ टिकते ते बघा. मालक वैतागला तरी चालेल.

आणि मधल्या दांड्याखाली हुक आहे का तेही बघा. वाऱ्यात सॅक त्याला लटकवायची, पण तळ जमिनीला जेमतेम टेकलेला ठेवून, नाहीतर सॅकच झोके घेते. सॅक कशीही वर आणलेलीच असते, आणि तीही आपणच.