शाळेचा निरोप आणि घरचा हिशेब



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो संप, टाळेबंदी आणि बोनस यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही मात्र आज विलायतेतल्या अकरा वर्षांच्या मुलांच्या मेजवानीचा इतिहास सांगणार आहोत. विषय पोरकट वाटेल. परंतु ज्या खर्चाला कायद्यात फी हे नाव नाही आणि ज्याला नाही म्हणण्याची घरात कोणाची छाती होत नाही, असा खर्च कष्टकऱ्याच्या संसारात कसा शिरतो, हे दाखवायला याहून सोयीचे उदाहरण आम्हांस सापडले नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंग्लंडात मूल अकरा वर्षांचे झाले की जुलै महिन्यात त्याची प्राथमिक शाळा संपते आणि सप्टेंबरात ते माध्यमिक शाळेत जाते. या वेळी ‘लीव्हर्स पार्टी’ म्हणजे निरोपाची मेजवानी होते. कोठे ती शाळेच्या दिवाणखान्यात संगीत लावून, सरबत आणि खाऊ वाटून उरकतात. कोठे ती भाड्याच्या सभागृहात होते. मग मुलींना नवे झगे आणि केशरचना, मुलांना कोट, वर्गातल्या सर्वांची नावे पाठीवर छापलेली हूडी, छायाचित्रे, आठवणींचे पुस्तक, आणि हौस फारच वाढली तर पोरांना मिरवत नेण्यासाठी लांबलचक लिमोझिन गाडी! त्याच वर्षी शाळेची मुक्कामाची सहलही असते. यांतली कोणतीच बाब सक्तीची नाही. पण वर्गातली पंचवीस मुले एकसारखी हूडी घालून उभी राहिली म्हणजे सव्विसाव्या मुलाला ती बाब किती ऐच्छिक वाटत असेल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

आता मागे जाऊ. १८७० साली फॉर्स्टर यांच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. पण शाळा उघडल्या त्या फुकट नव्हत्या. आठवड्याला नऊ पेन्सपर्यंत फी घेण्याची मुभा शाळा-मंडळांना होती. सोमवारी सकाळी मुले मुठीत नाणी घेऊन शाळेत येत आणि शिक्षक ती मोजून घेत. पुढे १८८० च्या कायद्याने हजेरी सर्वत्र सक्तीची झाली. म्हणजे मूल शाळेत धाडले नाही तर बापाला दंड, आणि धाडले तर पदरचे पैसे! ज्याला फी झेपत नसेल त्याने काय करावे? १८७६ च्या कायद्याप्रमाणे त्याने दरिद्री-निधीच्या पालकांपुढे, म्हणजे ‘गार्डियन्स’पुढे, अर्ज करावा. दोन पेन्स वाचवण्यासाठी आपण कंगाल आहोत असे चारचौघांत सांगावे लागे. पुष्कळांनी ते सांगण्यापेक्षा पोट मारून नाणी दिली. गरिबाची अब्रू श्रीमंताच्या अब्रूपेक्षा महाग असते, कारण त्याच्यापाशी दुसरे काही नसते.

त्या नाण्यांची किंमत मजुरीत मोजली पाहिजे. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांनी जो प्रसिद्ध संप केला, त्याची मुख्य मागणी होती तासाला सहा पेन्सची. संपापूर्वी त्यांना पाच पेन्स मिळत, आणि तेही काम मिळाले त्या दिवशी. ज्याची तीन मुले शाळेत आणि प्रत्येकाची फी आठवड्याला दोन पेन्स, त्याला संप जिंकल्यावरही आठवड्यातला एक अख्खा तास शाळेसाठी ओझी वाहावी लागत. त्याच साली गॅस कामगारांची संघटना उभारणारे विल थॉर्न हे सहाव्या वर्षीच दोरखंडाच्या कामावर चाक फिरवू लागले होते. त्यांना लिहिण्यावाचण्याचे पुढचे पाठ कार्ल मार्क्सच्या कन्येने, एलिनॉरने दिले. असे लोक विनामूल्य शिक्षण मागत होते ते पुस्तक वाचून नव्हे. शाळा न मिळाल्याने काय होते ते त्यांनी अंगावर भोगले होते.

१८९१ साली पार्लमेंटने दर मुलामागे वर्षाला दहा शिलिंग अनुदान देण्याचे ठरवले आणि बहुतेक प्राथमिक शाळा विनामूल्य झाल्या. उरलीसुरली फी १९१८ च्या कायद्याने गेली. या इतिहासाचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९११ साली नामदार गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा इंग्लंडातल्या याच टप्प्यांचा दाखला त्यांनी दिला होता. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्या मुलाला फी माफ असावी, अशी त्यांची तरतूद होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. राज्यकर्त्यांनी आपल्या घरी वीस वर्षांपूर्वी जे केले होते, ते आपल्या ताब्यातल्या देशात करण्याची त्यांना घाई नव्हती.

फी गेली, पण खर्च गेला नाही. तो दुसऱ्या दाराने आत आला. १९०७ च्या नियमांनी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांत काही जागा हुशार मुलांसाठी विनाशुल्क ठेवल्या गेल्या. परीक्षा उत्तीर्ण होऊन अशी जागा मिळाली, तरी गणवेश, पुस्तके आणि खेळाचे सामान झेपेना म्हणून ती नाकारणारी कामगारांची घरे होती. सरकारने दार उघडले होते, पण उंबऱ्यावर कपड्यांची यादी टांगली होती.

आणि अकरा वर्षे हे वय तरी कोठून आले? १८९३ च्या कायद्याने शाळा सोडण्याचे किमान वय अकरा केले. तोवर दहाव्या वर्षीही मूल ठरावीक इयत्ता उत्तीर्ण होऊन कामावर जाऊ शकत असे. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मुले अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत असत. दुपारी बाकावरच पेंगणाऱ्या या ‘हाफ-टायमर’ मुलांची पद्धत १९१८ च्या कायद्याने मोडली व ती प्रत्यक्षात १९२१ मध्ये बंद झाली. मुंबईच्या गिरण्यांतही अशी अर्धवेळ मुले होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने त्यांचे किमान वय सात ठेवले, १८९१ मध्ये नऊ केले आणि १९२२ मध्ये बारा. तेव्हा अकराव्या वर्षी शाळेला निरोप म्हणजे एके काळी गिरणीच्या भोंग्याला हजेरी होती. त्या निरोपाला कोणी सरबत वाटले नाही.

१९२६ साली हॅडो समितीने शिक्षणाचे दोन भाग अकराव्या वर्षी पाडावेत अशी शिफारस केली. १९४४ च्या बटलर कायद्याने ती देशभर रूढ केली आणि सरकारी माध्यमिक शाळांची फीही रद्द केली. सर्वांना पुढची शाळा मिळू लागली, तेव्हाच प्राथमिक शाळेचा शेवट हा आनंदाचा प्रसंग होऊ शकला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ही मेजवानी म्हणजे एका मोठ्या विजयाचे फळ आहे. प्रारंभी तो आनंदही निर्भेळ नव्हता. अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची वाटणी होई. थोडी ग्रामर स्कूलला जात आणि बाकीची साध्या शाळेत. १९६५ नंतर ही वाटणी बऱ्याच भागांत मोडली गेली. निरोपाचा सोहळा मात्र पुष्कळ काळ साधाच होता. अखेरची प्रार्थना, मुख्याध्यापकांचे चार शब्द, आणि जुन्या सदऱ्यावर एकमेकांच्या सह्या. सदरा जुनाच असल्यामुळे खर्च शून्य!

मग थाटमाट कोठून आला? अमेरिकेतल्या हायस्कुलांत वर्षअखेरीस ‘प्रॉम’ नावाचा नाचाचा समारंभ जुना आहे. चित्रपटांतून आणि दूरदर्शन-मालिकांतून तो इंग्लंडात पोचला. या शतकाच्या आरंभी सोळा वर्षांच्या मुलांत तो रुळला आणि तेथून अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत उतरला. पोशाख विकणारे, गाड्या भाड्याने देणारे, छायाचित्रे काढणारे यांना एक नवा हंगाम मिळाला. हे कोणी कट करून केले नाही. बाजाराला कटाची गरज नसते, त्याला तारीख पुरते.

हिशेब पुन्हा मजुरीत करू. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराचे कायदेशीर किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स ठरले. समजा, एका आईने हूडी, प्रवेशाचे पैसे, कपडे आणि भेटवस्तू मिळून साठ पौंड खर्च केले. म्हणजे कर वजा न करताही तिचे जवळजवळ पाच तास गेले. गोदी कामगाराचा आठवड्याचा एक तास आम्ही आताच पाहिला. हा खर्च वर्षातून एकदाच येतो हे खरे. परंतु तो येतो ठरलेल्या दिवशी, आणि सुट्टीत मुलांना दुपारचे जेवण घरीच घालावे लागते, त्याच्या तोंडावर.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या, आणि पुढे १९९६ च्या, शिक्षण कायद्याने शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी पैसे आकारण्यास बंदी केली. ऐच्छिक वर्गणी मागता येते. पण ती देण्याचे बंधन नाही आणि न देणाऱ्याच्या मुलाला वेगळी वागणूक मिळणार नाही, हे मागतानाच स्पष्ट केले पाहिजे. नियम चांगला आहे. परंतु मेजवानी असते शाळा सुटल्यावर, आणि पुष्कळदा तिचे आयोजन पालकच करतात. म्हणजे शिकवण्याचे पैसे घेता येत नाहीत, निरोपाचे घेता येतात. गणवेशाच्या खर्चाला आळा घालणारा कायदा इंग्लंडात २०२१ मध्ये झाला. निरोपाच्या हूडीला तो लागू नाही.

कामगाराला ही युक्ती ओळखीची आहे. एके काळी विलायतेतले मालक पगार देत आणि स्वतःच्याच दुकानातून महाग माल घ्यायला लावून तो परत घेत. १८३१ च्या ट्रक ॲक्टने मजुरी रोख नाण्यांतच द्यावी असा दंडक घातला. आपल्याकडे १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टने पगारातून कोणत्या कपाती करता येतील त्यांची यादीच दिली. यादीबाहेरची कपात बेकायदा, मग तिला नाव काही असो. नाव बदलून घेतलेला पैसाही पैसाच असतो, हे तत्त्व मजुरांनी मोठी किंमत देऊन कायद्यात लिहवून घेतले आहे.

आमचा स्वतःचा अनुभव असा. एका कारखान्यात बदलून जाणाऱ्या साहेबाच्या निरोपाची वर्गणी पगाराच्या खिडकीशेजारीच गोळा होत असे. यादी भिंतीवर, नावापुढे आकडा. कोणावर जबरदस्ती नव्हती! तरी ज्याच्या घरी आजारपण होते तोही शेजाऱ्याइतकाच आकडा घाली. आम्ही वर्गणी बंद करा असे म्हटले नाही. यादी काढा आणि बंद पेटी ठेवा, एवढेच म्हटले. पेटी आली, रक्कम थोडी घटली, निरोप झाला, हारही घातला गेला. ऐच्छिक म्हणजे काय, याची आमची व्याख्या त्या दिवशी ठरली. नाही म्हटलेले कोणाला कळत नाही, तेच ऐच्छिक.

यावर कोणी म्हणेल, गरिबाने ऋण काढून सण करावाच कशाला? या सद्गृहस्थांशी आमचे मुळीच जमत नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हाही शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असे म्हणणारे होते. चौकशीला बसलेल्या सरकारी आयोगानेच शेवटी लिहिले की लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, कर्जाचे मूळ सहसा तेथे नसते. इंग्लंडातली आई पोरीला झगा घेते ती मूर्ख म्हणून नव्हे. आपली पोर त्या एका संध्याकाळी वेगळी दिसू नये, एवढेच तिला हवे असते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून दोष तिचा नाही, यादी भिंतीवर लावणाऱ्याचा आहे.

स्कॉटलंडात ग्लासगो शहरी गेल्या दशकात ‘कॉस्ट ऑफ द स्कूल डे’ या नावाने एक काम सुरू झाले. शाळेच्या एका दिवसाला घरचा काय खर्च पडतो, हे खुद्द मुलांनाच विचारले गेले. त्यांतून कळले ते असे की पैशाची अडचण जाणणारी मुले ‘मला जायचेच नाही’ असे आपण होऊन सांगून टाकतात. शिक्षकांना वाटते, मुलाला आवड नाही. आईलाही कधी तसेच वाटते. अकरा वर्षांच्या मुलाने घरचे अंदाजपत्रक सांभाळावे आणि त्यासाठी खोटे बोलावे, हा या मेजवानीचा खरा खर्च आहे, आणि तो कोणत्याच पावतीवर लिहिलेला नसतो.

आपल्याकडे बालवाडीच्या पोरांना काळे डगले चढवून पदवीदान करण्याची हौस आता आली आहे. चौथी-सातवीचे निरोप समारंभ तर जुनेच आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात असे कलम आहे की प्राथमिक शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल अशी कोणतीही फी वा खर्च मुलावर लादता येणार नाही. कलमाने मेजवानी थांबणार नाही, आणि थांबूही नये. पण शाळा-समितीत बसणाऱ्या श्रोत्यांना आम्ही तीन गोष्टी सुचवतो. समारंभ शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या आवारात करावा. पैसे बंद पेटीत घ्यावेत, कोणी किती दिले हे वर्गशिक्षकालाही कळू नये. आणि जी वस्तू प्रत्येक मुलाला मिळणार नसेल ती कोणालाच देऊ नये. सोमवारची नाणी बंद करायला इंग्लंडला एकवीस वर्षे लागली. हे तीन नियम करायला समितीची एक बैठक पुरेल.